चरा

शारजात ऑगस्टमध्ये बाहेर सेहेचाळीस,
इन्क्युबेटरच्या आत सदतीस.
मानेचा घाम पुसत दार उघडतो तेव्हा
पेशींचा जरा हेवाच वाटतो.

गुलाबी पाण्याखाली, डिशच्या तळाला
एकेरी थरात बसल्यात,
पंगतीला बसावं तशा, मांडीला मांडी लावून.
परवापर्यंत एकेकीची भटकंती चालली होती.
अंगातून पातळ झालर काढायची,
ती पुढे टाकून चाचपायचं,
मग मागचं अंग ओढून घ्यायचं.
शेजारणीला लागली
की झालर थिजते, मिटते,
आणि दुसऱ्याच बाजूला नवी फुटते.
चारी अंगांनी शेजार झाला
की फिरणं थांबतं,
एकीच्या दोन होणंही थांबतं.
कुणी घंटा वाजवत नाही.

माझं काम चरा पाडायचं.
पिवळ्या टिपच्या टोकानं थरातून
एक सरळ रेघ ओढायची, श्वास रोखून,
मग दर दोन तासांनी फोटो:
काठावरच्या कधी हलल्या,
किती सरकल्या,
समोरची भेटल्यावर थांबल्या का.
डॉक्टर हनान म्हणतात, वेळ लिही.
मत लिहू नकोस.

तर वेळ लिहितो.

गुरुवार, रात्री अकरा पन्नास.
रोल्यातल्या आमच्या सहा बेडच्या खोलीतून
नझीर वणू गेले. एकवीस वर्षांनी, हर्णैला, कायमचे.
सुतळीनं आवळलेला खोका,
तिन्ही बाजूंनी मार्करनं नाव.
शुक्रवार, सकाळी सात.
बेड रिकामा. तिकडे कुणी बघत नाही.
दुपारी दोन.
त्यांच्या खिळ्याला सिबीची इस्त्रीची पँट.
रात्री नऊ.
बेडखाली तिलक बहादूरच्या चपला, जोडीनं.
शनिवार.
माझी उशी. मी ठेवल्याचं आठवत नाही.
सोमवारी दामोदर केळसकर तिथे पाय पसरून बसला
आणि म्हणाला, च्यायला, इथे भिंत थंड लागते.
एकवीस वर्षांत बोलला नाही हा माणूस!

मंगळवारी नवा पोरगा आला.
दारातच उभा, बॅग छातीशी धरून,
अंगाला विमानाचा वास.
कुणी काही बोललं नाही.
पँट निघाली, चपला निघाल्या,
उशी माझ्याकडे परत आली.
दामोदरनं पाय आवरले
आणि डब्याच्या दुधाचा चहा टाकला.

पेशी एकमेकींना धरतात
ती प्रथिनं कॅल्शियम असेल तरच धरतात.
पाण्यातून तेवढं काढून घ्या,
थोड्या वेळात हात सुटतात,
एकेक पेशी आखडून गोल होते.
हे मी त्या पोराला सांगितलं नाही.
चहात साखर जास्त होती, तो दोन कप प्यायला.

खालच्या खणात दुसऱ्या जातीच्या पेशी आहेत.
त्यांना स्पर्श होतो, पण
त्याचा अर्थ लागत नाही.
एकमेकींच्या अंगावर चढतात, ढीग होतात,
पाणी पिवळं पडतं, तरी वाढतात.
त्यांच्या डिशवर तारीख लिहितो आणि
का कुणास ठाऊक, झाकण जरा दाबूनच लावतो.

बुधवारी केअरटेकर टेप घेऊन आला.
दोन बेडच्या मधली जागा मोजली: एकोणतीस इंच.
खुश होऊन म्हणाला, इथे एक आरामात बसतो.

वेळ: संध्याकाळी सहा वीस.

आता रात्र आहे.
एसी थांबला की प्लायवूडच्या पलीकडचं ऐकू येतं.
तिकडे कुणीतरी झोपतं, फळीला लागूनच.
नाव माहीत नाही. भाषाही नाही.
शिंकला की तीनदा शिंकतो.
कूस बदलताना त्याचं कोपर फळीवर आपटतं,
नेमकं तिथेच
माझा गुडघा टेकलेला असतो.

दोघंही मागे घेतो.

दोन पन्नास.
थोड्या वेळानं मी गुडघा
पुन्हा पुढे नेतो, सावकाश,
फळीला लागेपर्यंत,
आणि तसाच ठेवतो.