पाचव्या दिवशी

कॅलेंडरवर तारखा आहेत, पण त्या दूधवाल्यासाठी.
आम्ही पाणी मोजतो.
पाचव्या दिवशी एकदा, म्हणजे वर्षात त्र्याहत्तर पाणी.
त्यातली चार पाइप फुटला म्हणून गेली.
उरलेल्या एकोणसत्तर वेळाच
आम्ही पाचजण एका वेळी एका घरात जागे होतो.

एरवी कोण कुठं.
अंबादास रात्रपाळीला, मी गणवेशांच्या कटिंगला,
स्रवंती क्लासला, हरी शाळेतून परस्पर मैदानावर.
जेवणं ताटाखाली झाकलेली,
बोलणं फ्रिजवर चिकटवलेलं:
शेंगाचटणी संपली.
फी भरली का?
मामांची गोळी, निळी, जेवणानंतर.

मामांना ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं मागाचा खडखडाट, कान कधीच विटले.
पण पाणी यायच्या आधी पाइपात हवा थरथरते
ती फक्त त्यांच्या तळहाताला कळते.
रात्री दोनला नळावर हात ठेवून बसतात,
पोराचा ताप बघावा तसे,
मग एकेकाचे पाय हलवत फिरतात:
लेवंडि, लेवंडि, नीळ्ळु वच्चाय!

गड्ड्याच्या पाण्याला थंडी होती.
हरीनं दोन्ही हातांनी एक बादली उचलली
आणि अर्धी जिन्यावर सांडली.

होळीनंतरच्या पाण्याला अंबादास घरीच.
त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
टॉवेलचा कारखाना एका पाळीवर आला होता.
घागर भरून वाहत होती
आणि तो नुसता बघत उभा.

एप्रिलात मालकानं माग विकले, किलोवर.
मामा बघायला गेले होते.
परत येऊन चप्पल काढता काढता म्हणाले,
'आवाजच नव्हता.'
हसावं की काय करावं, कुणालाच सुचेना.

मे महिन्यात पिंपातलं पाणीसुद्धा पोळायचं.
अंबादास माझ्या शेजारच्या मशीनवर बसला.
पहिल्याच दिवशी ऐंशी शर्टांतल्या बारांना
बाही उलटी लावली.
रात्री उसवत बसलो दोघं, दातात दोरा धरून.
लग्नानंतर इतका वेळ एका बल्बखाली
आम्ही कधी बसलोच नव्हतो.
जूनपर्यंत त्याची शिलाई माझ्याहून सरळ झाली.
हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

स्रवंती ऑगस्टमध्ये गेली.
लॅबचा कोर्स, पुण्यात हॉस्टेल, सकाळची हुतात्मा.
आणि नेमकं त्याच दिवशी साडेपाचला पाणी आलं,
दोन दिवस उशिरा, पिंपं ठणठणीत.
कुणीतरी थांबायलाच हवं होतं.
मी थांबले.
रिक्षा वळेपर्यंत ओला हात हलवत राहिले,
मागं घागर भरल्याचा आवाज येत होता
तरी वळले नाही. तेवढंच केलं.

फोनवर म्हणते, 'अम्मा, इथं नळ रोज येतो.
तरी मला दोनला जाग येते.
उठून तोटी सोडते, बंद करते, झोपते.'

दिवाळीत हरीचा आवाज फुटला.
मोरीतून 'टॉवेल दे' अशी हाक आली,
मी अंबादासला टॉवेल नेऊन दिला,
तर तो ओट्यापाशी चहा पीत होता.
आता हरी एका हातात एक बादली नेतो,
दुसऱ्या हातात दुसरी,
आणि सांडत नाही.
मला ते जिन्यावरचं पाणी आठवतं,
पुसताना किती ओरडले होते.

चौथं पिंप स्रवंतीच्या केसांसाठी होतं.
ती गेल्यावर मी ते उलटं घातलं,
त्यावर हरीची बॅट, अंबादासचे इलॅस्टिकचे गुंडाळे.
डिसेंबरच्या शेवटच्या पाण्याला
मामांनी सगळं उतरवून जमिनीवर ठेवलं,
पिंप सरळ केलं, विसळलं, नळी आत सोडली.
मी म्हटलं, मामा, नको, वाया जाईल.
पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.
त्यांना ऐकू आलं नाही.
निदान तसं दाखवलं तरी.
पिंप काठाला आल्यावर
त्यांनी तळहात पाण्यावर ठेवला, पालथा,
आणि मला बोटांनी दाखवलं:
गड्ड्याला किती पाणी राहिली,
तीन.