शनिवारची पाळी

उट्रेख्टमध्ये शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत
मी आणि फ्रिजची घरघर, एवढेच.
सायकल खाली कालव्याच्या कठड्याला,
हातमोज्यांत बोटं अजून गारठलेली,
आणि सदतीस अंशांच्या कपाटात
चोवीस खळग्यांची थाळी.
प्रत्येक खळग्यात जेलीचा एक थेंब,
थेंबात खसखशीहून बारीक
आतडी.

आतडी म्हणावं का, माहीत नाही.
यांना तोंड नाही, शेवट नाही.
यांच्यातून एक घास कधी गेलेला नाही,
वाटाण्याचं सूप नाही, ज्येष्ठमधाची काळी गोळी नाही,
दफनानंतर कॉफीबरोबर देतात
तो केकचा कोरडा तुकडाही नाही.
तरी घड्या घालतात, कोंब काढतात,
जणू जेवणाची वेळ होत आली
आणि पानं अजून मांडायची आहेत.

दर दोन दिवसांनी जुनं गुलाबी पाणी काढायचं,
नवं घालायचं.
दर आठवड्याला पिपेटच्या टोकातून वर-खाली ओढून
त्यांचे तुकडे करायचे.
तुकड्यांतून पुन्हा अख्खे गोळे होतात.
पहिल्या वर्षी हे करताना
माझ्याच पोटात गोळा यायचा.
आता रेडिओ लावते.

थाळीवर नाव नसतं, आकडा असतो.
या आकड्याचा चेहरा मला दिसला
कारण मार्चमध्ये डॉक्टर तिला वर घेऊन आले:
खेर्ब्रिख विआर्दा, फ्रिस्लंडची, वय चौतीस,
लोकांचे पियानो सुरात लावून देते.
दर चार वाक्यांना खोकला.
जन्मली तेव्हा आईनं कपाळाचा मुका घेतला
आणि विचारलं, हे मूल खारट का लागतं?
तिच्या जनुकातली चूक इतकी विरळा
की असे रुग्ण मोजायला एका हाताची बोटं पुरतात.
मग औषधाची चाचणी घ्यायची कुणावर?

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, "हे मला ओळखतील का?"
मी म्हणाले, नाही. यांना मज्जातंतू नाहीत.
"बरं झालं," ती म्हणाली,
"माझं यांच्याविषयी मत काही फार चांगलं नव्हतं."

निरोगी आतड्याच्या गोळ्यांवर हे दोन थेंब टाकले
की तासाभरात आत पाणी ओढून टम्म फुगतात.
हिचे फुगत नाहीत.
पहिलं औषध: नाही.
दुसरं: नाही.
तिसऱ्याला दोन-चार हलले,
की माझीच नजर हलली.

काल संध्याकाळी डी रांगेत चौथं मिश्रण घातलं.
आज दहाला थेंब.
दहा-वीस: काही नाही.
साडेदहा: कडा पातळ झाल्यासारखी वाटते.
वाटणं वहीत लिहायचं नसतं.
दहा-चाळीस:
लग्नात कुणी विचारलं नाही म्हणून
पोरांनी गाल फुगवून बसावं
तशी अख्खी डी रांग,
हिरवी, गोल, हट्टी.
एक तर ताणून ताणून फुटलाच.
आणि मी एकटीच खुर्चीवरून उठून उभी,
जसं कुणी वडीलधारं आत आलंय.

खोडरबर कुठेय, पेन कुठेय.
पुन्हा करायचं, आणखी दोनदा, नव्या थाळीत.
हे औषध तिच्या श्वासाचं काय करेल
ते थाळी सांगत नाही,
थाळीला छाती नाही.
विमा कंपनीला आहे का, ते नंतर कळेल.
तिला फोन करायची परवानगी मला नाही.
तोवर पोटात ठेवायचं.

साडेबाराला खाली कालव्याकाठी डबा उघडला.
पाव, चीज, थोडी मोहरी.
पहिला घास गिळला आणि थांबले,
तो जातोय तिकडे कान लावून.
बदकं आली, त्यांना कवच टाकलं पावाचं.
वर कपाटाचं दार बंद,
आत काही जण
न जेवता टम्म.