अनामत

दोन स्थळं सांगून आली म्हणायची,
मार्चच्या दहा तारखेला, एकाच संध्याकाळी.
एक टेकडीवरची, लाल विटांची, मनोऱ्यात घंटा असलेली.
दुसरी तळ्याकाठची, काचेची, घंटाच नसलेली.
तिथे मुलं आपापली वेळ ओळखून उठतात म्हणे.

पाहण्याचे कार्यक्रम जानेवारीतच उरकले होते.
शर्वरीला चालून दाखव म्हणाले नाहीत एवढंच,
बाकी आवडीनिवडी, वाचन, स्वभाव,
आईवडील काय करतात, सगळं विचारलं.
वूस्टरच्या हॉस्पिटलात मी रक्त तपासते, हे सांगताना
पदर सावरावा तसा मी कोटाचा पट्टा सावरला.

हुंडा आम्हीच द्यायचा. चार वर्षं, दर वर्षी.
एवढ्यात कराडला दोन बंगले झाले असते,
असं मी एकदाच म्हणाले.
हेरंबने ऐकलं नाही, किंवा ऐकून तक्ता उघडला.

हेरंब कशाचाही तक्ता करतो.
बॉयलर घेताना केला होता, तसाच हा:
गणिताचा चमू, लॅटिन, एका शिक्षकामागे किती मुलं,
घरापासून मिनिटं, बर्फ असताना,
घरापासून मिनिटं, बर्फ नसताना.
बेरीज आली सत्त्याऐंशी आणि सत्त्याऐंशी.
त्याने वजनं बदलली.
अठ्ठ्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात खरं,
पण दोन्हींचं पाणी गोड निघालं तर काय करायचं
याला आपल्याकडे म्हण नाही.
तशी वेळच आली नसावी कुणावर.

दहा एप्रिल, रात्री बारापर्यंत.
अनामत दोन हजार डॉलर, परत मिळणार नाही.
त्या रात्री हेरंब नऊलाच झोपला,
जेवण अंगी लागलेल्या माणसासारखा.
मला तेव्हाच कळायला हवं होतं.
पण मीही जरा जास्तच मन लावून
ओटा पुसत होते.

जेवणाच्या सुट्टीत, सेंट्रिफ्यूजच्या घरघरीत
मी माझ्या कार्डावर तळं घेऊन टाकलं होतं.
आणि त्याने, कारखान्याच्या पार्किंगमध्ये
गाडीची काच वर करून, टेकडी.
मध्ये अकरा मिनिटं.
सतरा वर्षांच्या संसारात
एकमेकांपासून लपवलेली पहिली गोष्ट,
तीसुद्धा जोडीनं केली.

अर्ज शर्वरीच्या नावाचा, म्हणून पावत्या तिच्याकडे आल्या.
सकाळी टोस्ट खाता खाता तिने मोठ्यानं वाचल्या:
अभिनंदन.
आणि, अभिनंदन.
कुणी काही बोललं नाही.
डिशवॉशरने तेवढं पाणी बदललं.

मग ती म्हणाली, बाबा,
टेकडीवर शनिवारीपण शाळा असते. एकपर्यंत.

आमच्या गावचा कचरा डेपो शनिवारी एकला बंद होतो.
तिथल्या शेडमध्ये लोक चालेनासं झालेलं ठेवून जातात,
आणि हे दोघं त्यातले दिवे उचलून आणतात.
तळघरात दहा लागतात, अकरावा पाय मोडून पडलाय.
सहा वर्षं झाली.
मला त्यातलं फक्त एवढंच माहीत,
की परत येताना दोघांचे हात काळे असतात
आणि डोनट खाल्लेले असतात.

हेरंबने लॅपटॉप ओढला. एक ओळ वाढवली: शनिवार.
पुढच्या घरात कर्सर लुकलुकत राहिला.
मी जिंकले होते बहुधा.
तोंडात चहा होता, तो गिळायला वेळ लागला.

आणि तळ्यावर, शर्वरी म्हणाली,
शनिवारी सगळे वल्हवायला जातात. पहाटे पाचला.
बशी सिंकमध्ये ठेवत, आमच्याकडे पाठ करून,
मला ते आवडेल असं वाटतंय.

हेरंबने ती ओळ पुसली नाही, भरलीही नाही.
थोड्या वेळानं विचारलं,
या शनिवारी तर आहेस ना?

आहे की, ती म्हणाली, जिना चढता चढता.
हिरव्याची वायर राहिलीय.