डाव्या बाजूचे बोल्ट

बंपर रविवारी निघाला.
भांडुपगावात आमच्या ओट्यासमोर,
जिथं एरवी हळदीचा मांडव पडतो,
तिथं बावीस वर्षं उभी आहे फार्गो,
नाक मिठागराकडे.

बाप मीठ वाहायचा.
आणि मीठ काही नुसतं हौद्यात बसून राहत नाही,
पुढे येतं,
मडगार्डच्या दुमडीत बिऱ्हाड करतं,
टिकलीएवढ्या भोकापासून सुरुवात.
आज माझा हात कोपरापर्यंत आत गेला.

भाविका, भावाची पोर, आयटीआयला फिटर.
प्रत्येक नटाला मसाल्याच्या रिकाम्या बरणीत जागा देते,
बरणीवर खडूनं लिहिते:
ग्रिल वरचे. ग्रिल खालचे. हॉर्न.
मला दटावते, काका, ठोकू नका, पाजा.
मी ब्रशनं डिझेल पाजतो.
चहा येईपर्यंत एखाद्या बोल्टाचं मन वळतं,
एखाद्याची मान तुटते.

ग्रिलमागे रेडिएटरच्या जाळीत
चतुर, टोळ, भाताचं तूस,
पत्त्यांतली चौकट दुर्री,
आणि काळ्या दोऱ्यात एक बिब्बा,
वाळून मिरीएवढा झालेला.

उजवं मडगार्ड खरवडलं तर हिरव्याखाली केशरी,
केशरीखाली कंपनीचा राखाडी.
डावं खरवडलं.
हिरवा, आणि थेट पत्रा.

तिकडचे बोल्ट इंची पान्याला ऐकेनात,
पाना नुसता घसरायचा.
भाविका म्हणाली, हे एमएमचे आहेत, सतराचा द्या.
मग बॅटरी धरून आत वाकली
आणि बराच वेळ बाहेर आली नाही.
चासीचा डावा दांडा
कोणीतरी लाल तापवून, ठोकून सरळ केला होता.
जवळजवळ सरळ.

तीस वर्षं गाडी चालवली, साधा ओरखडा नाही,
असं बाप प्रत्येक लग्नात सांगायचा.
ते सांगणं ज्या वर्षी थांबलं
त्याच वर्षी गाडी इथं लागली,
चावी देव्हाऱ्यामागे गेली,
आणि दर महिन्याला तांदळाचं एक पोतं
तो रिक्षात घालून ऐरोलीच्या अंगाला नेऊ लागला.
नवस आहे म्हणायचा.
कुठल्या देवाचा, आम्ही विचारलं नाही.
आमच्या घरी तेव्हा भात मोजून शिजायचा.

आय ओट्यावर जवला निवडत होती.
मी विचारलं, डावीकडं काय झालं होतं?
तिनं सूप झटकलं.
"तांदूल मीच मापून द्यायची," म्हणाली.
"त्यांच्या पोरीचं लगीन झाला, मंग थांबवला."
आणि पुन्हा जवल्यातले खडे.

कुर्ल्यातून सगळे नवे इंची आणू या का,
दोन्हीकडं सारखे, भाविकानं विचारलं.
नको. हेच घासून लाव.
तिनं बरणी पुसली, खडूनं लिहिलं: डावे, एमएम.
वर झाकण घट्ट लावलं.

संध्याकाळी रेडिएटर उतरवला.
नाक नसलेल्या गाडीत आरपार वारा.
शेजारचा कल्पक हेडलाइटच्या भोकातून तोंड काढून म्हणाला,
चालू होणार का ही?

होईल, म्हटलं.
पाने रॉकेलमध्ये धुतले, फडक्यात गुंडाळले.
उजवीकडचा एक बोल्ट
अजून हलत नाही.