सिंकचा तुकडा

मुलुंडला, एलबीएस रोडवरच्या दुकानात
दगड उभे होते भिंतीला टेकून,
शाळेतून बाहेर काढलेल्या पोरांसारखे.
छेडाशेठ म्हणाले, हात लावा, ताई,
डोळ्यांनी क्वार्ट्झ घेऊ नका.

लावला. गार.
रेशीम वगैरे काही नाही;
ताकाची बरणी विसळून पालथी घालावी
आणि दुपारी आत बोटं फिरवावीत, तसा.

अच्युतला चकचकीत हवा होता.
बघ, म्हणाला, ट्यूबलाइट कशी दिसतेय आत!
म्हणूनच नको, मी म्हटलं,
कांदा चिरताना मला माझी हनुवटी
खालून बघायची नाही.

पाडलेल्या इमारतीत आमचा ओटा कडप्प्याचा होता.
कडेला टवका, खलबत्ता निसटला त्या दिवसाचा.
त्यात कधी कुणाचं तोंड दिसलं नाही.
राडारोड्याच्या ट्रकमधून तो कुठे गेला
हे बिल्डरला विचारायचं कुणाला सुचलं नाही,
मलाही नाही.

चार नमुने घरी आणले, हाताच्या पंजाएवढे.
रात्रभर त्यांच्यावर ठेवलं
हळद, आमसूल, चहाच्या कपाचं गोल वळं,
आणि खोबरेल, एक थेंब.
सकाळी काळ्या मॅटवर माझी पाचही बोटं,
चोर पकडल्यासारखी.
फिकट राखाडीवर हळदीची नुसती शंका,
दुसऱ्या फडक्याला तीही गेली.

गरम कढई मात्र थेट ठेवायची नाही,
छेडाशेठनी दोनदा बजावलं होतं,
दगडाच्या चुऱ्यात राळ असते, डाग पडतो.
म्हणजे यालाही पोळतं.
तेवढ्यावरून मला तो जरा आपला वाटला.

तरी ठरेना.
शेवटी वैजयंताबाई भांडी लावून निघाल्या होत्या,
त्यांना म्हटलं, तुम्ही सांगा, पुसणार तुम्ही.
त्यांनी पदराला हात पुसले,
चारी तुकड्यांवर थोडं थोडं पाणी शिंपडलं
आणि डोळे मिटले.
कुठे ओलं राहिलंय ते हाताला कळलं पाहिजे,
त्या म्हणाल्या,
सकाळी साडेपाचला कुठला उजेड असतो हो?
आणि राखाडीवर बोट ठेवलं.

तोच घेतला. बाथरूमला, बेसिनखालीही तोच,
तिथे अच्युतच्या दाढीचा फेस वाळून
आता कुणाला दिसत नाही.
त्यालाही नाही, हीच अडचण.

बसवायला रामसजीवन आला, गोंड्याचा.
बाल्कनीत सिंकचं भोक कापलं,
नाकाला नुसता रुमाल.
पाणी मारत काप, मी म्हटलं, मास्क आणून देते.
तो म्हणाला, दीदी, आदत है.
संध्याकाळी उठला तेव्हा
भुवया, पापण्या, कानावरची लव,
सगळं त्याच फिकट राखाडी रंगाचं,
जो आम्ही महिनाभर निवडत होतो.
हौदाशी त्याने तोंड धुतलं.
आत गेलेलं कसं धुणार, हे मी विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी मास्क आणला,
पण कापायचं काम संपलं होतं.

मधला तुकडा दाराशी पडून राहिला,
दीड फूट बाय सव्वा, चांगला जड.
टाकणार आहात का, वैजयंताबाईंनी विचारलं.
त्यांचा मुलगा संध्याकाळी आला,
गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घेऊन गेला
भांडुपच्या टेकडीवर, एकशे बारा पायऱ्या.
(पायऱ्या त्यांनी सांगितल्या. मी कधी गेले नाही.)

आता त्यावर त्यांच्या भाकरी थापल्या जातात.
पीठ चिकटत नाही, म्हणाल्या, बरा आहे दगड.
गरम तवा ठेवू नका हं त्यावर, मी म्हटलं,
छेडाशेठसारखं.
त्या हसल्या.
तवा चुलीवरून उतरवायला जागा कुठाय,
त्यावरच तर ठेवते.
डाग पडला?
पडला की. गोल.

माझा ओटा अजून कोरा आहे.
मधोमध भोक, त्यात स्टीलचं सिंक,
आणि पुसून झाल्यावर मी दिवा न लावता
एकदा तळहात फिरवते.