हंसपावलं

सातवीचे नऊ जण,
आणि सकाळचे दहा वाजले तरी खिडकीत अंधार.
मी फळ्यावर अवतरणचिन्हं काढते.
आमच्या आइसलँडिकमध्ये त्यांना हंसपावलं म्हणतात.
पहिली जोडी ओळीच्या तळाशी, चिखलात रुतल्यासारखी,
दुसरी वर, अधांतरी.
मी सांगते, हंस उठला तिथपासून
दिसेनासा झाला तिथपर्यंत,
तेवढं दुसऱ्याचं बोलणं.
त्यातलं एक पीससुद्धा आपलं नाही.

ह्राप्न विचारतो,
इंग्रजीत तर दोन्ही जोड्या वरच असतात, ते कसं?
मी म्हणते, त्यांचे हंस आधीपासूनच उडत असतात.
वर्ग हसतो.
खरं उत्तर मला माहीत नव्हतं.

इसोल्द दिसेल त्या शब्दाला पावलं लावते:
„आई“ने „मासे“ „आणले“.
तिची वही म्हणजे थवा चरून गेलेलं गवताचं रान.
स्टाइनार एकदा उघडतो ते मिटतच नाही.
त्याच्या आजोबांचं वाक्य तीन पानं चालू आहे.
(आजोबांना मी ओळखते.
याला चूक म्हणवत नाही.)

गृहपाठ: घरी ऐकलेलं एक वाक्य, जसंच्या तसं.
मध्ये खोकला आला तर खोकलासुद्धा.
‘की’ घातलात तर पावलं पुसा,
पावलं ठेवलीत तर ‘की’ पुसा,
दोन्ही डगरींवर हात चालणार नाहीत.

सोल्वीने लिहून आणलं:
गेस्तुर म्हणाला, „कारखाना बंद होणार नाही.“

गेस्तुर म्हणजे मासे गोठवायच्या कारखान्याचा व्यवस्थापक.
(इथे साहेबालाही पहिल्याच नावाने हाक मारतात.)
सोल्वीची आई अकरा वर्षं तिथे कॉडचे काटे काढते.
सभा झाल्यापासून हे वाक्य गावभर आहे,
पेट्रोल पंपावर,
पोहायच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात, गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसांत.
मीही ते कॉफीबरोबर गिळलं होतं.

मी विचारलं ते केवळ सवयीने,
असंच म्हणाला? अक्षर न् अक्षर?
तू होतास तिथे?
तो नव्हता. आई होती.
मग तिला विचार,
तोवर पेन्सिलने लिहून ठेव.

दुसऱ्या दिवशी वही आली.
खोडून खोडून कागद तिथे पातळ झालेला.
„सध्या तरी,“ गेस्तुर म्हणाला,
„कारखाना बंद होणार नाही.“

स्वल्पविराम जागच्या जागी.
मधेच तोडलेलं वाक्य मी अजून शिकवलंही नव्हतं.
खाली बारीक अक्षरात:
आईला आधी आठवेना. मग भांडी घासताना थांबली.

दोन शब्द.
दीडशे माणसांनी सभेत ऐकले
आणि कोटाच्या गुंड्या लावून दाराबाहेर पडेपर्यंत
दीडशे जणांच्या हातून सांडले.
खोटं कुणीच बोललं नव्हतं, गेस्तुरही नाही.
आम्हीच ते ‘की’त गुंडाळून घरी नेलं,
आणि ‘की’च्या पोटात काय, काहीही मावतं.

मी लाल पेन उघडलं.
शाबास लिहायला घेतलं, ‘शा’वर अडले.
सोल्वी टेबलापाशी उभा,
बुटांवरच्या बर्फाचं पाणी होऊन फरशीवर पसरत चाललेलं.
„बरोबर आहे ना?“ त्याने विचारलं.
„बरोबर आहे,“ मी म्हणाले.
तो चिन्हांबद्दल विचारत होता की नाही,
हे मी विचारलं नाही.

दुपारी मुख्याध्यापिकेचा फोन आला,
पुढच्या वर्षीच्या पटाबद्दल,
नऊ मुलांबद्दल,
काळजी करू नकोस अशा अर्थाचं काहीतरी.
मी म्हटलं, एक मिनिट हं,
पहिल्यापासून सांग, जरा सावकाश,
आणि टेबलावर पेन्सिल शोधू लागले.