चौथी तार, पाचवा पडदा

रविवारी सकाळी मी तारा उकळतो,
वरणाच्या पातेल्यात, चमचाभर व्हिनेगर घालून.
बायको विचारते, शिजल्या का?
मी म्हणतो, एक शिट्टी राहिलीय.
नवा संच साडेतीन हजारांना पडतो,
आणि जुन्या तारेत मेलेलं असतं काय,
तर तीन वर्षांचा बोटांचा मळ, माझाच.
पाणी काळपट होतं. तार पुन्हा बोलू लागते,
फार तर पंधरा दिवस.

पातेल्याबद्दल आमच्या घरी दोन मतं आहेत.

जेल रोडच्या आतल्या बोळात
झुबेर मन्सूरीच्या दुरुस्तीच्या दुकानाचं शटर
रविवारी अर्धंच वर असतं. वाकून जायचं.
आत आम्ही चौघं, चौघंही बेसवाले.
एक ड्रमवाला येतो म्हणाला होता,
त्याला आता पावणेदोन वर्षं झाली.
तांबवेकर मॅडम, कोषालयात, निवृत्तीला चौदा महिने.
त्यांच्या बेसला पाच तारा,
पाचवी त्यांनी छेडलेली मी कधी पाहिली नाही.
असू द्या, म्हणतात, घरात एक खोली जास्तीची असावी.
लोकेश कुशवाह लग्नांत वाजवतो, पैसे घेऊन,
म्हणून सगळ्यांत कमी बोलतो.
झुबेरच्या अ‍ॅम्पमधला स्पीकर
बंद पडलेल्या एका टॉकीजचा.

चार बेस एकत्र वाजले की गाणं होत नाही,
गोदामात कुणी पोती ओढतंय असं वाटतं.
वरचं सगळं ज्याचं त्यानं मनात लावून घ्यायचं.
कधी तिघं अंतऱ्यावर पोचतात
आणि मी अजून मुखड्यातच, एकटा, मजेत.

मग झुबेर म्हणतो, हात उचला सगळ्यांनी. ऐका.
अ‍ॅम्पची ती घरघर आहे ना भिया, ती बिजली.
तिसऱ्या पडद्याच्या तसूभर वर.
फ्रीज, ट्यूबलाइट, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर,
अख्खं इंदूर याच सुरात घोरतंय.
आपण त्याच्या उशाशी बसलोय, इतकंच.

खालच्या मजल्यावरच्या सरवटेबाई
श्रावणात वर आल्या, हात पदराला पुसत.
आवाजाचं नाही हो, आवाज येतच नाही.
पण तुमच्या एका सुराला
माझ्या फळीवरचा साखरेचा डबा बोलतो.
बायकोला बेस घेऊन वर बसवलं,
एकेक पडदा दाबत जा म्हटलं,
आणि खाली मी, डब्याला कान लावून.
चौथी तार, पाचवा पडदा.
झाकण थरथरलं, बारीक,
थंडीत दात वाजावेत तसं.

म्हटलं, हा सूर गाळतो.
गाळता येत नाही, पण म्हटलं.
दोन महिने वाजवलं,
क्रियापद काढून टाकलेल्या वाक्यांसारखं.
तांबवेकर मॅडमच्या लक्षात आलं.
कुणाला घाबरताय, त्यांनी विचारलं,
चष्म्यावरून, बिल परत करताना विचारतात तसं.

दिवाळीच्या आधी बाई जिन्यात भेटल्या.
साफसफाई काढलेली, हाताला राख.
तो डबा गप्पच झाला की हो, म्हणाल्या.
यांची राजदूत गल्लीत वळली
की तेच झाकण वाजायचं.
मी आधण ठेवायची.
पुढं काही नाही. मेथीची पिशवी
या हातातून त्या हातात घेतली आणि गेल्या.

त्या संध्याकाळी तारा ताज्या उकळलेल्या होत्या.
पाचवा पडदा दाबला. सूर किंचित चढा लागला.
कान पिळून उतरवला, परत वाजवला,
आणि संपेपर्यंत बोट उचललं नाही.
खाली नळाखाली भांडी चालली होती,
ती थांबली.
पाणी गेलं असेल.
नर्मदेचं, आमच्याकडे एक दिवसाआड येतं.